शेवटचे दहा मीटर: अडचणीतल्या बोटीला मदत करताना

समोर चार-पाचशे मीटरवर एक बोट थांबलेली दिसते. इंजिनाचा आवाज नाही, बोट लाटांना आडवी पडलेली, आणि तिच्यावरचा माणूस दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर नेतोय, खाली आणतोय. तो ओळख दाखवत नाहीये. हात पसरून हळूहळू वर-खाली करणं हा समुद्रावरच्या आंतरराष्ट्रीय नियमांमध्ये नोंदलेला संकटाचा इशारा आहे. लाल फ्लेअर, नारिंगी धूर, न थांबता वाजणारा भोंगा यांच्याच पंक्तीतला.

अशा वेळी आपला हात आपसूक वेग वाढवायला जातो. लवकर पोचायचं, बोटीला बोट लावायची, माणसं ओढून घ्यायची, एवढंच डोक्यात असतं. पण खरा धोका दाटलेला असतो तो शेवटच्या दहा मीटरांत. दोन बोटींमधला तो अरुंद पट्टा, जिथे दोर पाण्यात पडतो, इंजिनाचा पाण्यातला पंखा फिरत असतो आणि कुणीतरी घाईत उडी मारायला कठड्यावर चढलेलं असतं. बरीचशी मदत या पट्ट्याच्या बाहेर राहूनच करता येते. आत शिरायचंच झालं तर काय ठरवून शिरायचं, ते या लेखात सांगतो.

आधी ऐका, मग कळवा

संकटाची हाक बोटींच्या व्हीएचएफ वायरलेसवर चॅनल १६ वर येते. 'मेडे' हा शब्द तीनदा उच्चारला गेला म्हणजे बोट किंवा माणसं गंभीर आणि तातडीच्या धोक्यात आहेत. 'पॅन-पॅन' म्हणजे गरज तातडीची आहे, पण जीव लगेच जाण्याच्या बेतात नाही. मेडेचा इंग्रजी मे महिन्याशी काही संबंध नाही. 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांचा तो उच्चार आहे.

हाक ऐकली की पहिलं काम कागद-पेन्सिलचं. वेळ, जागा, बोटीचं नाव, काय झालंय, बोटीवर माणसं किती. हे लिहून घ्याच, कारण दोन मिनिटांनी त्यांचा वायरलेस बंद पडू शकतो आणि मग ती जागा फक्त तुमच्या कागदावर उरते. लगेच बोलू मात्र नका. किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राला उत्तर द्यायला थोडा वेळ द्या. एकाच चॅनलवर चार मदतनीस एकदम बोलायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही. किनाऱ्याकडून काहीच उत्तर आलं नाही, तर तुम्ही बोला आणि ती हाक 'मेडे रिले' म्हणून पुढे पाठवा. रिले म्हणताना हे स्वच्छ सांगायचं, की संकटात आपण नाही, अमुक बोट आहे. नाहीतर बचावपथक तुमच्याच दारात येऊन उभं राहील.

पुढे निघताना आपल्या बोटीवरच्या सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालायचं. पोचल्यावर नाही, निघतानाच.

तयारीचं महत्त्व सांगायला १९१२ सालचं उदाहरण अजून पुरतं. टायटॅनिकची हाक ऐकल्यावर कार्पेथिया जहाजाचे कप्तान आर्थर रॉस्ट्रन सुमारे ५८ सागरी मैलांवरून निघाले. बर्फाच्या पट्ट्यात रात्री जोरात जायचं म्हणून त्यांनी जादा टेहळे उभे केले. वाफ इंजिनाला पुरावी म्हणून जहाजातलं गरम पाणी आणि उष्णता बंद केली. बाजूचे दरवाजे उघडले, शिड्या सोडल्या, लहान मुलांना वर ओढून घ्यायला पिशव्या तयार ठेवल्या, डॉक्टरांना जागा वाटून दिल्या. हे सगळं वाटेत, पहिली जीवनौका दिसायच्या आधी. सातशेहून अधिक माणसं त्या जहाजावर आली. तुमच्या वीस फुटी बोटीवर हेच लहान मापात करायचं असतं: दोर मोकळा करून ठेवणं, फेंडर (दोन बोटींमधला धक्का झेलणारे फुगे) बाजूला टांगणं, शिडी शोधणं, चाकू खिशात घालणं, कोण काय करणार ते ठरवणं. माणसं गोंधळलेली असताना बोटीवर एकच आवाज हुकूम देणारा असावा.

नुसतं जवळ थांबणं

या मदतीला कुणी फारसं मोजत नाही. माझ्या मते ती सगळ्यात मोलाची असते. समजा समोरच्या बोटीचं इंजिन बंद आहे, पण बोट कोरडी आहे, नांगर धरलाय, माणसं ठीक आहेत. अशा वेळी शंभर मीटरवर थांबून त्यांच्याशी बोलत राहणं, त्यांची जागा किनाऱ्याला कळवत राहणं, आणि बिघडलंच तर हात देता येईल इतक्या अंतरावर असणं, एवढं पुरेसं असतं. नांगर टाकलेला नसेल तर पहिला सल्ला तोच द्या. वाहत जाणारी बोट खडकांवर जाते, नांगरलेली बोट वाट पाहू शकते.

बोट अजून तरंगत असताना माणसांना घाईने उतरवून घेण्याबद्दल तर मी फारच सावध आहे. १९७९ च्या फास्टनेट या ब्रिटनमधल्या समुद्री शर्यतीत ३०३ शिडाच्या बोटी निघाल्या होत्या. वादळात १५ स्पर्धक गेले. लोकांनी २४ बोटी सोडून दिल्या, आणि त्यांतल्या फक्त ५ बुडाल्या. बाकीच्या १९ नंतर तरंगताना सापडल्या. तेव्हापासून शिडवाल्यांमध्ये एक म्हणणं रूढ आहे: जीवनतराफ्यात वर चढून जायची वेळ आली तरच जा, म्हणजे आपली बोट पायाखालून खाली चाललेली असेल तेव्हा. मदतीला आलेल्या बोटीकडे उडी मारण्यालाही हेच लागू आहे.

जवळ जायचं ते कसं

थेट जाऊ नका. आधी दुरून एक सावकाश फेरी मारा. पाण्यात दोर, जाळं, फाटलेलं शीड, तुटलेली डोलकाठी काही तरंगतंय का? पेट्रोलचा वास येतोय का? मदतीला आलेल्या बोटीच्या पंख्यात दोर अडकला की एकाच्या जागी दोन बोटी अडकतात, आणि बंद बोटीच्या आसपास लोंबणारा दोर हमखास सापडतो. फेरीतच माणसं मोजा आणि ओरडून विचारा, 'एकूण किती होतात?' दिसताहेत चार आणि उत्तर आलं पाच, तर बोट विसरा. आता शोध माणसाचा.

मग एक मिनिट काहीच करू नका. इंजिन न्यूट्रलला टाकून दोन्ही बोटी वाऱ्यावर कशा सरकतात ते बघा. उंच केबिनची हलकी बोट वाऱ्याने भरभर वाहते. पाणी भरलेली, बुडत चाललेली बोट जवळजवळ जागची हलत नाही. तुमची बोट भरभर वाहणारी असेल आणि तुम्ही वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, उभे असाल, तर तुम्ही त्यांच्यावर जाऊन आदळणार. उलट ती वेगाने वाहत असेल आणि तुम्ही खालच्या अंगाला, तर ती तुमच्यावर येणार. कुठल्या बाजूने जायचं ते या एका मिनिटात ठरतं. ज्या बाजूने शिराल तिथून निसटायची वाटही मोकळी हवी.

बोटीला बोट लावणं हा शेवटचा पर्याय का, ते डोळ्यांसमोर आणा. एक मीटरची लाट फार मोठी नव्हे. पण तुमची बोट लाटेच्या माथ्यावर आणि त्यांची खळग्यात असली, की दोन कठड्यांमध्ये मीटरभर फरक पडतो, आणि काही सेकंदांनी तो उलटा होतो. वर येणारा एक कठडा आणि खाली जाणारा दुसरा, मधे कुणीतरी बोट ढकलायला हात घातलेला. एक-दोन टनांची बोट हाताने थोपत नाही, हात चिरडतो. हात-पाय आत ठेवा, मधे फेंडर जाऊ द्या, फेंडर नसतील तर दोरात ओवलेली गादीसुद्धा चालेल. माणसं उतरवून घ्यायचीच असतील तर एकेक, तुमच्या हुकुमावर, दोन्ही बोटी सारख्या उंचीवर आल्या त्या क्षणी, आणि उडी न मारता पाऊल टाकून. त्यांच्याकडे लाइफ जॅकेट नसतील तर ती आधी दोराने पाठवा, मग जवळ जा.

आणखी एक धोका ध्यानात येत नाही. घाबरलेली सगळी माणसं मदतीच्या बाजूला धावतात. सगळं वजन एका कठड्यावर आलं की तरंगणारी बोट तिथेच उलटते. म्हणून जवळ येण्याआधीच ओरडून सांगा: बसून राहा, आम्ही एकेकाला घेऊ. आपल्या बोटीत किती मावतील याचाही आकडा आधी ठरवा. तो ओलांडायची वेळ आली तर उरलेल्यांना तरंगत्या वस्तूला धरून ठेवणं, त्यांना दोर देणं आणि दुसऱ्या बोटीची वाट पाहणं हाच मार्ग असतो. कठोर वाटेल, पण बुडालेल्या दोन बोटींना वाचवायला तिसरी शोधावी लागते.

दोर आणि टोचन

दोर फेकणं सोपं दिसतं आणि पहिल्यांदा नव्वद टक्के वेळा चुकतं, हा माझा अंदाज, मोजणी नव्हे. गुंडाळी दोन भागांत करा. एक भाग फेकायच्या हातात, दुसरा डाव्या हाताच्या उघड्या तळव्यावर, सहज सुटेल असा. तुमच्याकडचं टोक बांधलेलं हवं, नाहीतर अख्खा दोर पलीकडे जातो आणि आपण हात हलवत बसतो. नेम माणसावर धरायचा नाही, त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकायचा. दोर त्याच्या अंगावरून आडवा पडला की तो धरतो. समोर पाण्यात पडला तर तो वाकतो आणि कधीकधी पडतोही. जाड दोर फेकला जात नाही, म्हणून आधी बारीक दोरी फेका आणि तिच्या टोकाला जाड दोर बांधून पाठवा.

आता टोचन. रस्त्यावर गाडी ओढताना वजन जवळपास सारखं राहतं. पाण्यात मात्र लाटेमुळे दोर क्षणात ढिला पडतो आणि क्षणात ताठ होतो. त्या झटक्याचा जोर शांत पाण्यातल्या ओढीच्या कितीतरी पट असतो. क्लीट (दोर अडकवायला बोटीवर बसवलेल्या खुंट्या) उखडतात, दोर तुटतात, आणि ताणलेला नायलॉन तुटला की रबरासारखा मागे फटकारतो. त्या रेषेत कुणी उभं असेल तर हाड मोडणं ही नशीबवान बाजू. दोराच्या सरळ रेषेत कुणी थांबायचं नाही, दोन्ही बोटींवर.

झटका कमी करायचा तर दोर लांब हवा. लांब दोर मधे पाण्यात झोळ घेतो. ओढ वाढली की आधी तो झोळ सरळ होतो, मग ताण येतो. लाटांमध्ये आणखी एक बारकावा: दोन्ही बोटी एकाच वेळी माथ्यावर आणि एकाच वेळी खळग्यात येतील इतकी लांबी ठेवा. तुम्ही चढताय आणि ती उतरतेय, अशी स्थिती आली की दोर सैल-ताठ-सैल असा खेळ सुरू होतो. थोडा दोर सोडा किंवा घ्या, फरक लगेच कळतो.

दोर बांधायचा कुठे? ओढल्या जाणाऱ्या बोटीत पुढच्या भक्कम जागी. कठड्याच्या नळ्या आणि देखण्या कड्या यासाठी नसतात. एकाच क्लीटवर भरवसा नसेल तर दोन बाजूंच्या क्लीटांवरून व्हीच्या आकारात दोर घ्या, म्हणजे भार वाटला जातो. ओढणाऱ्या बोटीत दोर अगदी मागच्या एका कोपऱ्याला बांधला, तर तिचं मागचं टोक अडकून पडतं आणि सुकाणू फिरवूनही बोट वळत नाही. त्यात दोर बाजूने ओढू लागला तर ओढणारी बोट आडवी होऊन उलटू शकते. टगबोटींवर हा धोका जुना आहे. म्हणून दोर असा अडकवा की ताण असतानाही सोडता येईल. सुटणार नाही अशी गाठ मारू नका, आणि धारदार चाकू किंवा कुऱ्हाड हाताशी ठेवा. कुणी कापायचा हे आधी ठरलेलं असावं.

वेग किती? पाणी कापत चालणाऱ्या बोटीला पाणी स्वतःच मर्यादा घालतं. पाण्याला टेकलेल्या भागाची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. १६ फुटांचं वर्गमूळ ४, म्हणून उत्तर सुमारे ५.४ नॉट, तासाला जेमतेम १० किलोमीटर. ही झाली कमाल. तिच्यापलीकडे ओढायला गेलात तर बोट स्वतःच्या लाटेवर चढायला बघते, दोर ताणाने थरथरतो, आणि एखादी कमजोर बोट फुटते. पुढचा वेग वाढवायच्या आधी दोराकडे बघा. सुरुवात तर अगदी गोगलगायीच्या चालीने, दोर हळूच ताठ होऊ द्या. मागच्या बोटीवर कुणी सुकाणूवर असेल तर त्याने तुमच्या मागच्या टोकावर नजर ठेवून तिच्याच रेषेत राहावं.

पाणी भरलेली बोट माणसांसकट ओढू नका. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, आणि ते बोटीत इकडून तिकडे हिंदकळतं. बोट जिकडे झुकेल तिकडेच ते धावतं आणि तिला आणखी झुकवतं. आधी माणसं काढून घ्या, मग बोटीचं काय ते बघू.

माणूस पाण्यात असेल तर

एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं, नजर न हटवता. लाटांत डोकं नारळाएवढं दिसतं आणि डोळा हलला की हरवतं. जीपीएसवर जागा नोंदवणारं बटण असेल तर लगेच दाबा. छोट्या बोटीने वाऱ्याला तोंड करून सावकाश जा, आणि तो बोटीच्या लांबीएवढा जवळ आला की पंखा थांबवा. 'न्यूट्रल आहे' यावर विसंबण्यापेक्षा इंजिन बंद केलेलं मला बरं वाटतं. तुम्ही स्वतः पाण्यात उडी मारू नका. बुडणारा माणूस हाती लागेल त्याला मिठी मारतो. आधी काठी, मग दोर, मग तरंगणारी वस्तू.

थंड पाण्याचा हिशोब एक-दहा-एक असा सांगतात. पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही, धाप लागते. साधारण दहा मिनिटं हात-पाय कामाचे असतात, मग बोटं दोरही धरू शकत नाहीत. आणि शरीर इतकं गार व्हायला की शुद्ध हरपावी, साधारण एक तास. म्हणून दोर टाकल्यावर 'धर की!' असं ओरडून उपयोग नसतो. दहा मिनिटांनंतर त्याला बाहूंखालून दोराचा फास घालायचा, तो आपण.

बराच वेळ थंड पाण्यात असलेल्या माणसाला शक्यतो आडवा उचला. पाण्याचा दाब पायांतलं रक्त वर ढकलत असतो. उभा खेचला की तो दाब सुटतो, रक्त खाली उतरतं, रक्तदाब कोसळतो आणि सुटकेच्या क्षणीच हृदय थांबू शकतं. मजबूत चादर किंवा लहान शीड घ्या, एक कड बोटीवर बांधा, दुसरी त्याच्या अंगाखालून घेऊन ओढा. माणूस गुंडाळत आडवाच वर येतो. वर घेतल्यावर ओले कपडे काढा, झाका, आडवं ठेवा. अंग चोळू नका, दारू देऊ नका. आणि श्वासात पाणी गेलेला माणूस तासाभराने हसत असला तरी त्याला डॉक्टरला दाखवा.

आग

आग लागलेल्या बोटीला बांधायचं नाही, टेकायचंही नाही. वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबा, धूर विषारी असतो आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने पाण्यालगत पसरते. आग आवरत नसेल, तर माणसांनी लाइफ जॅकेट घालून वाऱ्याच्या वरच्या बाजूने पाण्यात उतरावं. जळती बोट वाऱ्याने पुढे वाहत जाते आणि माणसं मोकळ्या पाण्यात मागे राहतात. तिथून ती उचलणं सोपं.

हेलिकॉप्टर आलं तर त्यातून सुटलेली तार आधी पाण्याला किंवा बोटीला टेकू द्या, कारण तिच्यात स्थिर वीज साठलेली असते. ती तार वा तिच्यासोबतचा दोर बोटीला बांधायचा नाही, कधीच नाही.

कायदा आणि पैसा, थोडक्यात

समुद्रावर संकटातल्या माणसाला मदत करणं हे कर्तव्य १९१० च्या ब्रुसेल्स करारापासून लिहिलेलं आहे. पुढे टायटॅनिकनंतर आलेल्या सोलास या समुद्रावरच्या जीवसुरक्षेच्या करारात आणि समुद्रविषयक कायद्यातही ते आहे. त्या जुन्या कराराने एक अट घातली: स्वतःच्या बोटीला, खलाशांना आणि प्रवाशांना गंभीर धोका न पत्करता. ही पळवाट नव्हे. तुम्हाला झेपत नसेल तेव्हा दुरून कळवणं आणि थांबणं हेही कर्तव्यच आहे. जीव वाचवल्याबद्दल ज्याचा जीव वाचला त्याने काही देणं लागत नाही. बोट किंवा माल वाचवला तर मोबदला मागता येतो, तोही काही वाचलं तरच. ओढायला दोर बांधण्याआधीच दोन वाक्यांत बोलून घ्या: फुकट की नाही, आणि कुठपर्यंत.

बंदरापाशी

ओढलेल्या बोटीला ब्रेक नसतो. तुम्ही थांबलात की ती तुमच्या मागच्या बाजूला येऊन धडकते. म्हणून शांत पाण्यात शिरण्याआधीच दोर आखडता घ्या, किंवा ती बोट तुमच्या बाजूला घट्ट बांधून घ्या. तुमचं मागचं टोक तिच्या मागच्या टोकाच्याही मागे राहील असं बांधलं, की दोन्ही मिळून एकाच सुकाणूवर वळतात. फेंडर दोन्हीकडे.

धक्क्याला लागल्यावर माणसं पुन्हा मोजा आणि बचाव केंद्राला सांगा की सगळे सुखरूप आले. हे राहिलं तर तिकडे हेलिकॉप्टर आणि बोटी मोकळ्या समुद्रात शोधत फिरत राहतात. एखादी बोट मागे तरंगत सोडून यावी लागली असेल, तर तिची जागा, रंग आणि तिच्यावर कुणी नाही हेही कळवा. नाहीतर उद्या दुसरं कुणीतरी ती रिकामी बोट बघेल, मेडे देईल, आणि सगळं नव्याने सुरू होईल.